कौतुकाचाही खुलासा करणारी कंपनी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याची, बातमी मध्यंतरी पेपरात झळकली. कंपनीचं आणि पेपरचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असणार. बातमीत दोन दावे होते. कंपनी परदेशी ग्रुपनं विकत घेतली, आणि तिथलं मोल्डिंगचं (वाळूचे साचे बनवायचं) तंत्रज्ञान 'अस्सल कोल्हापुरी बनावटीचं' आहे. म्हणजे मालक साहेब आणि मशीन आपली! दोन्ही चूक.

पहिल्या चुकीचा दणका लगेच बसला. माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यांचे जॉब माझ्याकडं येतात, म्हणून जवळून बघितलं. आपल्याकडं अख्खा धंदा उधारीवर चालतो. मालक बदलला म्हटलं की पहिला प्रश्न, "जुनं पेमेंट कोण देणार ओ?" वितळवायला भंगार पुरवणाऱ्या स्क्रॅपवाल्यानं तर त्याच दिवशी रोखीशिवाय गाडी खाली करायची नाही म्हणून सांगितलं.

खरी गोष्ट एवढीच, की बाहेरच्या एका ग्राहक कंपनीनं थोडे शेअर घेतले, पंचवीस टक्क्यांच्याही आत. कंपनी कायद्यात रोजच्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात आणि मोठ्या, म्हणजे विशेष ठरावाला तीन चतुर्थांश. एवढ्याशा हिश्श्यावर मोठा ठरावही एकट्यानं अडवता येत नाही, मालक होणं तर लांबच. कंपनीची सरकारकडं भरलेली कागदपत्रं शंभर रुपये फी भरून कुणालाही बघता येतात. बातमीदाराचा तेवढाच खर्च होता.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या चुकीबद्दल. ती कंपनीच्या फायद्याची होती. नव्या मोल्डिंग लाइनच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी "हे आपल्या मातीतलं तंत्रज्ञान" असं ठोकून दिलं, टाळ्या पडल्या, आणि तेच छापून आलं. कंपनीनं खुलाशात मालकीबरोबर हेही स्वच्छ लिहिलं: लाइन जर्मनीहून विकत आणलेली आहे, आमचं काय असेल तर पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना), कोअर (आतली पोकळी पाडणारा वाळूचा गाभा) आणि मेथडचं (धातू कसा ओतायचा याच्या आखणीचं) काम.

हे काम बाहेरच्याला दिसत नाही. इंजिनच्या सिलिंडर हेडच्या आत पाणी फिरायची जी वाट असते, ती वाळूच्या कोअरनं पडते. काही ठिकाणी ही कोअर बोटापेक्षा बारीक. त्यावर चौदाशे डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं लोखंड येतं. कोअर तुटली, वर उचलली गेली किंवा तिच्यातला गॅस बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की हेड थेट भंगारात. धातू कुठून आत घ्यायचा, गॅसला व्हेंट कुठं द्यायचा, हे जर्मन मशीन सांगत नाही. आपल्या पोरांचं खरं कौशल्य तिथं आहे, आणि बातमीत त्याबद्दल चकार शब्द नव्हता.

ग्रुपवर एकानं लिहिलं, "भावा, एवढं भारी छापून आलं होतं, गप्प बसायचं की!" मला हे पटत नाही. ग्राहकाचा ऑडिटर शॉप फ्लोअरवर येतो तेव्हा मशीनची नेमप्लेट वाचतोच. सोयीची चूक खिशात घालून फक्त गैरसोयीची तेवढी दुरुस्त केलीत, तर तुमच्या मालकीच्या खुलाशावर तरी तो का विश्वास ठेवेल? शिवाय 'बदनामीचा कट', 'कायदेशीर कारवाई' असली भाषा नाही. कोण मालक, काय विकत घेतलं, काय स्वतः केलं, संपलं.

शेअर बाजारातल्या पहिल्या अडीचशे कंपन्यांना २०२४ पासून सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम लागू आहे: बातमीनं शेअरचा भाव मोठा हलला तर चोवीस तासांत दुजोरा, इन्कार किंवा खुलासा द्यायचा. शिरोलीतल्या अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) फाउंड्रीवर असलं काही बंधन नाही. तरी तिनं केलं.

पेपरनं काय केलं? बातमी फोटोसकट ठळक, खुलासा आतल्या पानावर चार ओळी. चूक दुरुस्त करताना तिला योग्य ठळकपणा द्या, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते. पण कौन्सिलच्या हातात समज देण्यापलीकडं फारसं काही नाही.

स्क्रॅपवाला अजून रोखीवरच अडून बसलाय. त्याच्या मोबाईलमध्ये बातमीचा फोटो आहे, खुलासा त्यानं बघितलेलाच नाही.