मथळ्यात जिल्ह्याचं नाव लिहा

‘मराठवाड्यातील ‘या’ जिल्ह्यांसाठी पुढचे ४८ तास धोक्याचे!’ असल्या लिंका रोज आपल्या मोबाईलवर येऊन पडतात. त्या उघडणाऱ्याला आपण शिकलेले लोक लगेच बावळट ठरवतो. ‘लोकांनाच असलं वाचायला आवडतं, पोर्टलवाले तरी काय करणार?’ असं म्हणून मोकळे होतो. मला हे साफ अमान्य आहे.

जॉर्ज लोवेन्स्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल एक मांडणी केली. आपल्याला माहीत आहे ते आणि माहीत करून घ्यायचंय ते, यांच्यातली फट दिसली की मन अस्वस्थ होतं आणि ती बुजेपर्यंत चैन पडत नाही. पण त्याचा पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला त्या विषयातलं काहीच माहीत नाही, त्याला ही फट टोचतच नाही. ज्याला बरंचसं माहीत आहे आणि नेमकं एवढंच कळायचं राहिलंय, त्याला ती सगळ्यात जास्त टोचते.

आता हे आपल्या भागाला लावून बघा. ‘सोयाबीनच्या दरात मोठा बदल, येथे पाहा आजचा भाव’ या मथळ्याचं मुंबईच्या लोकलमधल्या माणसाला काही देणंघेणं नाही. ज्याच्या घरात सोयाबीनचे कट्टे थप्पी लावून ठेवलेत, काल मोंढ्यात काय भाव निघाला हे ज्याला तोंडपाठ आहे, आणि खतवाल्याची उधारी कधी द्यायची या विचारात जो बसलाय, त्याचं बोट त्यावर जाणारच. म्हणजे या मथळ्यात सापडतो तो जाणता माणूस, ज्याचं वर्षाचं गणित त्या एका आकड्यावर आहे तो.

आणि उघडल्यावर मिळतं काय? आधी सोयाबीन हे कसं महत्त्वाचं पीक आहे यावर निबंध, मध्ये तीन-चार जाहिराती, तळाशी जाऊन कळतं की भाव पन्नास रुपयांनी हलला. २०२५-२६ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरवला. एका ओळीत मावणारी बातमी आहे ही. आकडा मथळ्यात लिहिला असता तर वाचणाऱ्याचा वेळ वाचला असता. पण मग लिंक कोण उघडणार? डेन्मार्कमध्ये दोन अभ्यासकांनी दहा न्यूज वेबसाइटवरचे एक लाख मथळे तपासले होते. २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की बाजारू आणि सनसनाटीकडे झुकलेल्या साइटवर अशी नाव लपवणारी रचना सारखी सापडते. कारण पैशाचं आहे, हे उघड आहे.

भीतीचंही तसंच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका अमेरिकी साइटच्या मथळ्यांच्या एक लाखाहून जास्त आवृत्त्या तपासल्या गेल्या. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. धक्का, संकट, हादरला हे शब्द आपल्या मथळ्यांत उगाच येत नाहीत. पण किल्लारी बघितलेल्या पिढीला आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेडात जमीन हललेली अनुभवलेल्या माणसांना ‘मराठवाडा हादरला’ असं लिहून आत कुठल्यातरी राजीनाम्याची बातमी देणं मला क्रूरपणा वाटतो.

सगळ्यात जास्त संताप येतो तो पुराच्या वेळी. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून शिवारात घुसल्या. अशा वेळी ‘नदीकाठच्या ‘या’ गावांना सतर्कतेचा इशारा’ असं लिहायचं? नदीकाठच्या माणसाच्या मोबाईलला रेंज नाही, पेज उघडत नाही, जाहिरात मात्र आधी फिरत बसते. गावाचं नाव हीच तर बातमी होती! बरं, कित्येक जण लिंक न उघडताच पुढे ढकलतात. मग धरण कुठलं, तारीख कुठली, काही पत्ता नसताना नुसती भीती सगळ्या ग्रुपवर फिरत राहते. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की दिशाभूल करणाऱ्या मथळ्याचा ठसा पूर्ण बातमी वाचल्यावरही वाचकाच्या आठवणीवर आणि निष्कर्षावर राहतो.

तालुक्याच्या ठिकाणी पोर्टल चालवणाऱ्या पोरांची ओढाताण मला माहीत आहे. मोठ्या पेपरचा माणूस जिथे फिरकत नाही तिथे ही पोरं मोटारसायकलवर जातात, आणि पैसे मात्र व्ह्यूजवरच मिळतात. म्हणून सिनेमा, क्रिकेट, राजकारण यांचे मथळे हवे तसे रंगवा, मी भांडणार नाही. पण पाऊस, पूर, भाव, अनुदान आणि केवायसीची शेवटची तारीख या गोष्टींत गाव, तारीख आणि आकडा मथळ्यातच द्या. आवक किती होती, मालात ओल किती धरली, पैसे कधी जमा होतील, हे आत सविस्तर लिहा. ते वाचायला शेतकरी नक्की येईल, कारण ते त्याला हवंच असतं.

आणि ग्रुप ॲडमिन मंडळींना विनंती: कुणी अशी लिंक टाकली तर त्यालाच वर एका ओळीत लिहायला सांगा, कुठला जिल्हा, कुठली तारीख, किती रुपये. लिहिता येत नसेल, तर लिंक काढून टाका.