"शिट्टी वाजत नाही, फसवणूक आहे" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रात्री दुकान बंद करताना वाचला. लेकीसाठी हौसेनं करून घेतलेल्या वस्तूवरून तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की पेंडंट उशिरा मिळालं, चांदीपेक्षा घडणावळ जास्त लावली, चांदी काळी पडली आणि "आत शिट्टी आहे म्हणून पैसे घेतले, ती वाजतच नाही, शुद्ध फसवणूक".

उशिराबद्दल वाद घालत नाही. सप्टेंबर 2025 च्या पावसात आपल्या मराठवाड्याची काय दैना झाली ते उदगीरला तुम्हीही बघितलंय. लाइटच नसली तर पत्रा ओढायचं मशीन आणि पॉलिशची मोटर दोन्ही बसून राहतात. शिवाय मधे नक्षी बदलली होती, पण ते असो. भावाचं म्हणाल तर तुम्ही नोंदवलं तेव्हा चांदी किलोला सव्वा लाखाच्या आसपास होती आणि धनत्रयोदशीला दीड लाखाच्या पुढं गेली होती. तुमच्या 24 ग्रॅमला मी नोंदणीच्या दिवशीचाच भाव धरला. बिलावर चांदी, घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगवेगळं लिहिलेलं आहे. चांदीपेक्षा घडणावळ जास्त झाली हे खरंय, कारण हे जोडवं नाही की पैंजण नाही. साच्यातून काढायची वस्तू असती तर कमी लावली असती.

आता शिट्टीचं. हे मात्र मला सविस्तर लिहावंच लागेल.

तुम्हाला आठवत असेल, तुमची लेक लातूरला क्लाससाठी राहते, रात्री अभ्यासिकेतून एकटी खोलीवर जाते, म्हणून गळ्यात शिट्टी असावी हा तुमचा हट्ट होता. प्लास्टिकची शिट्टी ती घालेना आणि तिला हवा होता ड्रॅगन. मी म्हणालो, आपल्याकडं काय कमी आहे, वेरूळला गंगेच्या पायाखाली मगरीसारखा मकर आहे, किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा काल्पनिक प्राणी, शरभ आहे. शेवटी शरभाचं तोंड आणि ड्रॅगनचे पंख असं तिनंच वहीच्या पानावर काढून दिलं. पोरीचा हात चांगला आहे.

त्या शरभाच्या पोटात अडीच सेंटीमीटरची नळी आहे. शेपटीच्या टोकातून फुंकायचं. आधी शेपटीला फिरकी लावून भोक झाकायचं ठरलं होतं. ती मीच रद्द केली, कारण घाबरलेलं लेकरू अंधारात फिरकी काढत बसेल का? फुंकलेली हवा दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवल्यावर होईल एवढ्याच जाडीच्या वाटेनं जाते आणि पोटाखालच्या खाचेच्या कडेवर आपटते. ती कड कानशीनं घासून धारदार करावी लागते. धार बोथट राहिली की नुसतं फुस्स. झाळ देताना वितळलेला एक थेंब जरी त्या वाटेत उतरला तरी नळी मुकी होते. आणि धार टिकावी म्हणून शुद्ध चांदी न वापरता 925 ची, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी दुसरा धातू असलेली घेतली. शुद्ध चांदी मऊ, ती कड महिन्याभरात दबली असती. नळी एवढी आखूड ठेवली की आवाज 3 हजार हर्ट्झच्या आसपास निघतो. माणसाचा कान साधारण त्याच पट्टीला सगळ्यात तिखट असतो.

आणि ही शिट्टी दुकानात तुमच्यासमोर वाजली होती, ताई. समोरच्या रसवंतीवाल्यानं मान वर करून बघितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात. त्याच वेळी मी लेकीला दोनदा दाखवलं की पेंडंट मुठीत धरायचं नाही, पंखांना धरायचं. पंख नुसते शोभेचे नाहीत, ती धरायची जागा आहे. मुठीत धरलं की पोटाखालची खाच बोटानं झाकली जाते, मग कितीही फुंका, आवाज येणार नाही.

तुम्ही टाकलेला फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला. पंखांवरचा काळा रंग गेलाय आणि खाचेत पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं दिसतंय. तो काळा रंग मी मुद्दाम दिला होता, ऑक्सिडाइज केल्याशिवाय खवल्यांच्या रेघा उठून दिसत नाहीत. तो मळ समजून दंतमंजनानं किंवा भांड्याच्या पावडरीनं घासलंय असं दिसतं. चांदी घरात स्वच्छ ठेवणाऱ्या बाईला यात दोष देता येत नाही, पण ती पावडर हवेच्या वाटेत जाऊन बसली तर त्यात माझी फसवणूक कुठं आली? कोमट पाण्यात रिठा भिजवून त्या पाण्यात पेंडंट थोडा वेळ ठेवा आणि शेपटीच्या बाजूनं जोरात फुंका. सुई किंवा टाचणी घालू नका, कड मोडेल.

नाही जमलं तर घेऊन या. साफ करून, काळा रंग पुन्हा चढवून देतो, पैसे घेणार नाही. यापुढं अशा वस्तूसोबत कसं धरायचं, कसं धुवायचं याचा कागद द्यायचं डोक्यात आहे, तेवढी लग्नसराई उरकू द्या. वेळेचंही बघतो काहीतरी.

माझे वडील लातूरच्या याच गंजगोलाई बाजारात लिंगाच्या पेट्या, म्हणजे लिंगायत लोक गळ्यात इष्टलिंग ठेवतात त्या डब्या, घडवायचे. डबीचं झाकण सैल बसलं तर वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. आता ऑर्डरी निम्म्याहून जास्त मोबाइलवर बघूनच येतात आणि माझ्या दुकानाचं नाव टाकलं की सगळ्यात वर तुमचा अभिप्राय दिसतो. कालच एका गिऱ्हाइकानं तो वाचून ॲडव्हान्स परत मागितला, मी दिला. तारे वाढवा असं म्हणत नाही, एकच राहू द्या. उशिराचं, घडणावळीचंही राहू द्या. फक्त लेकीला एकदा पंखांना धरून फुंकायला सांगा आणि वाजली तर तेवढा "फसवणूक" शब्द काढा.