पणजोबांचं जोतं

आमच्या मागच्या अंगणात एक जोतं आहे. काळ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं, गुडघ्याएवढं उंच, आणि त्याच्यावर भिंत कधीच चढली नाही. लहानपणी आम्ही पोट्टे त्याच्यावर खेळायचो, आजी सरगुंडे नि कुरड्या वाळवायची, आम्हाला वाटायचं हा ओटाच आहे, वाळवणासाठी मुद्दाम बांधलेला. ते अर्धं राहिलेलं घर आहे हे मला पार कॉलेजात गेल्यावर कळलं. आता लीज रिन्यूअल करायचं म्हणून काकांनी जुनी फाईल काढली, वकिलांना मूळ पट्टा, म्हणजे लीजचा कागद, पाहिजे होता, आणि त्या पट्ट्यासोबत पणजोबांचे अर्ज निघाले. मी ते दोन रात्री वाचत बसलो. आज लिहून राहिलो कारण आता राहवत नाही.

तर झालं असं की इंग्रजांच्या काळात, आजोबा पाच-सहा वर्षांचे असतील तेव्हा, पणजोबांना ही जागा घर बांधायला मिळाली. जागा नझूलची, म्हणजे सरकारी. पत्र आलं, जागा मोजून झाली, चुन्याच्या रेघा मारल्या, पणजीचे दागिने मोडून दगड आणला, गवंडी लावले. जोतं उभं राहिलं आणि एक दिवस ऑफिसातून माणूस आला, काम बंद. काहून? तर नकाशा मंजूर नाही. पणजोबांचं म्हणणं, साहेब स्वतः जागेवर येऊन बांधा म्हणाले म्हणून मी बांधलं. पण त्या शब्दाचा कागद नव्हता. दोन पावसाळे विटा भिजत पडल्या. अर्जनवीसाकडून अर्ज लिहून घ्यायचे, देऊन यायचे, उत्तर नाही. एका अर्जात ते लिहितात की मुलं भाड्याच्या खोलीत आहेत, जोतं बांधून झालं आहे, ते सरकारने येऊन पाहावे. बस, एवढंच मागून राहिले होते ते, येऊन पाहा. शेवटी पुढच्या बाजूला दोन खोल्यांची परवानगी मिळाली, जुन्या जोत्याला हात लावायचा नाही या अटीवर. त्याच दोन खोल्यांत आमच्या तीन पिढ्या झाल्या.

आता नझूल म्हणजे काय हे नागपुरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे भोसले राजे रघुजी तिसरे वारले, मुलगा नव्हता, गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तकाचा हक्क मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकून टाकले, दागिने लिलावात काढले. आणि राजाच्या नावावरची जागा सरकारच्या नावावर गेली. मग हीच जागा तुकड्या-तुकड्यानं नागपूरच्याच लोकांना पट्ट्यानं दिली, वर भूभाटक, म्हणजे जागेचं भाडं, लावलं, आणि कागदाचं नाव काय तर ग्रँट. ज्या गावाची जमीन घेतली त्याच गावाला ती अटी घालून दिली, आणि त्याला अनुदान म्हटलं. मला याचा राग येतो आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटते.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती मला वकिलांनी समजावून सांगितली. १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट आहे ना, त्यात भाडेकरूला थोडं तरी संरक्षण आहे. म्हणजे भाडं थकलं म्हणून मालक पट्टा रद्द करायला निघाला आणि भाडेकरूनं कोर्टात थकबाकी खर्चासकट भरली, तर कोर्ट त्याला वाचवू शकतं. १९२९ मध्ये तर अशीही सोय झाली की शर्तभंग झाला म्हणता तर आधी लेखी कळवा, आणि सुधारता येण्यासारखा असेल तर सुधारायला वेळ द्या. साधी माणुसकीची गोष्ट आहे. पण १८९५ मध्ये इंग्रजांनी क्राउन ग्रँट्स अ‍ॅक्ट करून ठेवला होता, दोन-तीन कलमांचा कायदा, अर्ध्या पानात मावेल एवढा. त्यात म्हटलं की सरकारनं दिलेल्या जमिनीला हा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टीचा कायदा लागू नाही, आणि ग्रँटच्या कागदावर जे लिहिलं तेच चालेल, दुसरा कुठलाही कायदा आडवा आला तरी. म्हणजे बाकीच्या मालकांना कायदा, आणि सगळ्यात मोठा जो मालक, त्यानं लिहिला तोच कायदा. पणजोबा कोणत्या कलमाखाली भांडणार होते? आणि स्वातंत्र्यानंतर काय झालं, तर नावातलं क्राउन जाऊन गव्हर्नमेंट आलं, कायदा कित्येक दशकं तसाच चालू राहिला. क्राउन काढलं म्हणजे झालं का राजेहो?

कोणी म्हणेल की सरकारी जमीन आहे, अटी तर लागतीलच, नाहीतर लोकं बळकावतील. मान्य आहे. नकाशा पाहिजे, मंजुरी पाहिजे, माझा त्याला विरोध नाही. माझं म्हणणं एकच आहे, तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून माणसानं पैसा घातला, दगड लावला, आणि तुम्ही ते उघड्या डोळ्यानं होऊ दिलं, तर मग कागद पूर्ण नव्हता म्हणून हात झटकता येत नाहीत. आणि हे काही माझ्या मनचं नाही. १९०५ मध्ये, इंग्रजांच्याच काळात, मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी मुंबई महापालिकेच्या केसमध्ये हेच धरलं, की हा न्याय सरकारलाही लागतो.

आणि क्रॉफर्ड मार्केटची गोष्ट तर अजून मोठी. १८६५ मध्ये मुंबई सरकारनं म्युनिसिपालटीला जुने बाजार हलवायला सांगितले, बदल्यात दुसरी जागा देण्याचा ठराव केला, ठरावात लिहिलं की बाजार सगळ्या लोकांच्या फायद्याचा आहे म्हणून भाडं लावू नये. म्युनिसिपालटीनं जुनी जागा सोडली आणि नव्या जागेवर १७ लाख रुपये खर्च केले. पण रीतसर ग्रँटचा दस्त कधी झालाच नाही. पंचाहत्तर वर्षांनी, १९४० मध्ये, कलेक्टरनं त्या जागेवर सारा लावला, साडेसात हजारापासून वाढत वाढत ५० वर्षांत तीस हजारापर्यंत. केस पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९५१ मध्ये म्युनिसिपालटी जिंकली. कागद अपुरा होता तरी जिंकली! मी हे वाचलं तेव्हा खूप वेळ गप्प बसलो होतो. पणजोबांचा कागदही असाच अपुरा होता. फरक एवढाच की त्यांच्याजवळ १७ लाख नव्हते, मुंबईचे वकील नव्हते, एक अर्जनवीस होता जो पानामागे पैसे घ्यायचा.

आपल्या नागपुरात असे किती पट्टे आहेत, किती घरं अर्धी थांबली, किती लोकांनी रिन्यूअलच्या चकरा मारता मारता जीव सोडला, बर्डीपासून महालापर्यंत कुणाच्याही घरी जाऊन विचारा. मध्ये फ्रीहोल्डची, म्हणजे पट्ट्याची जागा मालकीची करून घ्यायची योजना आली, चांगलं झालं, ज्यांना परवडलं त्यांनी केलं, आमच्या गल्लीतही काहींनी केलं आणि आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या नोंदीचा सरकारी कागद, घरात आली तेव्हा पेढे वाटले. पण फ्रीहोल्डसाठीही आधी शर्तभंग नाही हे पाहतात, आणि आमच्या फाईलवर तो जुना शेरा अजून आहे. मागची बाजू, विनापरवाना जोतं. शंभर वर्षांच्या आसपासची गोष्ट, इंग्रज गेले, पणजोबा गेले, आजोबा गेले, शेरा तिथंच.

वकील म्हणतात जोतं तोडून टाका, फोटो लावा, शेरा निघेल, एका दिवसाचं काम आहे. बरोबरच सांगून राहिले ते त्यांच्या हिशोबानं. काकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर खराटा घेऊन जोतं झाडत होते, फटीतलं गवत काढत होते. सत्तर वर्षांचा माणूस. मला म्हणाले, सोमवारी सुनावणी आहे, मोबाईलवर नीट फोटो काढ याचा, चारही बाजूंनी, आणि बाबांच्या बाबांच्या त्या अर्जाची झेरॉक्स काढ, तोच परत द्यायचा आहे.