वास्तू तथास्तु म्हणते: स्वस्तात प्रेमभयपट काढू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

आपण नाशिकचे आहात, खिशात फारसे पैसे नाहीत आणि तरीही आपल्याला प्रेमावर भयपट काढायचा आहे, म्हणजे लागणारी सारी सामग्री आपल्यापाशी आहे. कथानक ठरलेलेच घ्यावे. एक भिडस्त मुलगा, त्याला आवडणारी एक मुलगी आणि मागितलेले देणारी एखादी वस्तू. मुलगा मागतो, मुलगी मिळते आणि मिळालेली मुलगी मग काही केल्या जात नाही. एवढ्यावर आजवर पुष्कळ चित्रपट निघाले आहेत. त्यांत आपल्या एकाची भर पडल्याने कुणाचे बिघडणार नाही.

विषय परका वाटत असेल, तर एकदा पंचवटीत चक्कर मारून यावी. सीतेने सोन्याचे हरीण मागितले ते इथेच, आणि त्या एका हौसेपायी पुढचे सगळे रामायण घडले. शूर्पणखेने तोंडाने सरळ लग्नाची मागणी घातली तीही इथेच. तिचे नाक गेले आणि त्यावरून गावाला नाव पडले असे सांगतात. फसलेल्या मागणीचे नाव अंगावर मिरवणाऱ्या गावाला असा भयपट काढायला दुसऱ्या कुणाची परवानगी कशाला हवी? शिवाय या धंद्यातही नाशिकचा हक्क जुना आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर १९१३ साली मुंबई सोडून नाशिकला आले आणि इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. वर मिळालेला, प्रेमाने वेडावलेला आणि नाचता नाचता आपल्याच डोक्यावर हात ठेवून राख झालेला प्रेमवीर त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यावर आणला, आणि आपण तोच माणूस गंगापूर रोडच्या एखाद्या सदनिकेत बसवून त्याला नवी कल्पना म्हणणार आहात. अवश्य म्हणावे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे उभे राहून स्वतःचा एक फोटो मात्र आधी काढून ठेवावा, प्रसिद्धीला लागतो.

आता इच्छा पुरवणारी वस्तू. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाने १९०२ साली माकडाचा वाळलेला पंजा वापरला. म्हाताऱ्या जोडप्याने त्या पंजाकडे २०० पौंड मागितले आणि मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मेल्याची भरपाई म्हणून नेमके २०० पौंड घरी आले. आपल्याला पंजा मिळवायला वनखाते आडवे येईल, म्हणून बसस्थानकाजवळच्या विजेच्या खांबावर चिकटवलेला पिवळा कागद पाहावा: ‘प्रेमात अपयश? वशीकरण. अकरा तासांत खात्रीशीर गुण.’ महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा असूनही हा कागद पावसाळ्यानंतर पुन्हा नव्याने लागतो, यातच त्याची दैवी शक्ती दिसून येते. तेवढाही खर्च नको असेल, तर आजी वापरावी. घरात कुणी अभद्र बोलले की आजी दटावते, “असं बोलू नये रे, वास्तू तथास्तु म्हणत असते.” यापेक्षा स्वस्त कल्पना कोणत्याही देशाच्या भयपटाला सापडलेली नाही. वस्तू नको, मांत्रिक नको. घराच्या भिंती ऐकत असतात आणि त्यांना थट्टा कळत नाही, एवढे मानले की काम झाले.

नायकाच्या तोंडी मागणे घालताना ते शक्य तितके गबाळे असावे, याची काळजी घ्यावी. फाळक्यांनी १९१४ साली ‘सत्यवान सावित्री’ही काढला होता, तिचा आदर्श चुकूनही समोर ठेवू नये. त्या बाईने यमाकडे नवऱ्याचे प्राण थेट मागितलेच नाहीत. स्वतःला शंभर पुत्र मागून घेतले आणि बाकीचे यमाला समजून घ्यायला लावले. इतक्या मुद्देसूद मागण्यातून भयपट निघत नाही, त्याला कज्जेदलालाची बुद्धी लागते. आपल्या नायकाने रात्री दिवाणखान्यात लोळत, मोबाइलवर तिचे फोटो सरकवत एवढेच म्हणावे, “तिला माझ्यावाचून क्षणभरसुद्धा करमू नये.” या वाक्यात किती दिवस ते नाही, तो झोपलेला असताना काय ते नाही, आणि तिला स्वतःला काय वाटते हे तर मुळीच नाही. नवसाचे तसे नसते. आधी काम, मग नारळ, आणि काय फेडायचे ते बोलतानाच ठरलेले असते. आपल्या नायकाने उधारीवर घ्यावे आणि व्याजाचा दर विचारू नये.

सर्वांत मोठा धोका पहिल्या दहा मिनिटांतच आहे. कॉलेज रोडवरच्या टपरीपाशी मुलगा आणि मुलगी समोरासमोर उभी असतात, त्याच्या हातात कटिंग असतो, आणि “शनिवारी मिसळ खायला येतेस का?” एवढेच त्याने विचारले, तर ती हो किंवा नाही म्हणेल आणि चित्रपट तिथेच आटोपेल. तेव्हा काहीही करून त्याला विचारू देऊ नये. फोन वाजवावा, मित्र आणावा, पाऊस पाडावा. प्रेक्षकांत त्याच्यासारखेच बरेचजण बसलेले असतात, ज्यांना नकार ऐकण्यापेक्षा जन्मभर मनात कुढणे सोयीचे वाटते. ते त्याला सज्जन समजून त्याची बाजू घेतील. (तो सज्जन नाही, हे लेखकाने मनात ठेवावे. नकाराची शक्यताच उरू नये अशी व्यवस्था करणाऱ्याला आमच्या लेखी दुसरा शब्द आहे.) मुलीला मात्र नोकरी, मैत्रिणी, मते असले काही देत बसू नये. ती फक्त त्याला आवडते, एवढी ओळख पुरे. मध्यंतरानंतर तिचा जो अवतार होतो, तो तिच्याकडे आधी कुणी नीट पाहिलेलेच नसल्यामुळे अधिक खपतो.

भीती दाखवायला भूत लागत नाही, उभी राहिलेली मुलगी पुरते. नायक अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला आहे असे धरू. दुपारी तीनला तो आत जातो तेव्हा ती फाटकाबाहेर डबा घेऊन उभी असते. रात्री अकराला बाहेर येतो तेव्हाही तिथेच, त्याच जागी, तसाच डबा धरून. पावसाने तिचे कपडे भिजून पुन्हा अंगावर वाळलेले असतात. तो डबा उघडतो. पोळ्या गरम असतात. या प्रसंगाला एक मुलगी, एक स्टीलचा डबा आणि थोडी वाफ एवढाच खर्च आहे. पण पोळ्या गरम कशा, हे पात्रांपैकी कुणीही विचारू नये आणि आपणही सांगू नये. जेकब्जच्या कथेतही पंजाकडे पुन्हा मागितल्यावर मेलेला मुलगा दाराबाहेर येतो, पण शेवटपर्यंत दिसत नाही, नुसती दारावरची थाप ऐकू येते, आणि थापेला मानधन द्यावे लागत नाही.

जागा भाड्याने घेण्याची चूक करू नये. ओरेन पेली या दिग्दर्शकाने ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा भयपट स्वतःच्या घरात, सुमारे १५,००० डॉलरांत काढला. हे वाचल्यापासून आमच्या भाच्यालाही मामाचे घर दिसू लागले. इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांत त्याने चार रात्री चित्रीकरण केले. साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घातली की रक्त होते, हे आम्हाला तेव्हा कळले, आणि पाकाला मुंग्या येतात हे त्याला. हाडे मोडल्याचा आवाज गाजरे मोडून काढला, त्याची पुढे कोशिंबीर झाली. तिसऱ्या रात्री नायिका जिन्यात केस सोडून उभी असता दूधवाला वर आला, तिला पाहून थबकला आणि म्हणाला, “ताई, आज अर्धा लिटरच आहे.” संपूर्ण चित्रपटात खरी भीती दिसते ती त्याच्याच चेहऱ्यावर, तो तुकडा भाच्याने ठेवला आहे.

शेवटच्या रात्री सगळे जेवायला बसले असता भाचा हात जोडून म्हणाला, “एकदा हा सिनेमा प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचू दे, बस.” आमच्या आईने वाढता वाढता हात थांबवला आणि ती छताकडे पाहू लागली. आम्ही सगळे हसलो. महिनाभरात, कुठल्याही महोत्सवाला जाण्याआधीच, चित्रपट कुणाच्या तरी हातून फुटला आणि फुकटात फिरू लागला. भाच्याच्या मित्रांना आला, सोसायटीच्या चेअरमनना आला, दूधवाल्यालाही आला. परवा मनमाडच्या मावशींनी तो भाच्यालाच पाठवला. खाली लिहिले होते, “कुणीतरी छान केलंय रे, बघ. तूही असं काहीतरी कर.”