डुगडुगणाऱ्या स्क्रीनवर फेविक्विक ओतू नका

ऐरोलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज माझ्या मावशीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "आज रात्री करून टाकू का?" नको. अजिबात नको. तो मेसेज थोडक्यात असा आहे:

"लॅपटॉपचा स्क्रीन डुगडुगतोय म्हणजे हिंज सैल झालाय. ठाणे-वाशीचे दुकानदार आख्खी बॉडी बदलायला लावून लुटतात. घरीच करा. आधी डब्ल्यूडी-४० हा वंगणाचा स्प्रे मारा. मग स्क्रू घट्ट पिळा, धरत नसेल तर लांब स्क्रू घाला. प्लास्टिक तुटलं असेल तर फटीत कापूस किंवा खाण्याचा सोडा भरा आणि वर फेविक्विक सोडा. इकडे तिकडे लागलं तर नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा. बॅटरी काढायची गरज नाही, लॅपटॉप बंद केला की पुरे."

यातलं पहिलं वाक्यच बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि बाकीचे उपाय त्या चुकीवर उभे आहेत.

हिंज म्हणजे झाकणाची बिजागरी. तिच्या पोलादी दांड्यावर सपाट वॉशर आणि वाटीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर एकावर एक चढवून टोकाला नट आवळलेला असतो. त्या दाबामुळे जे घर्षण होतं, तेच स्क्रीनला हव्या त्या कोनात धरून ठेवतं. हिंजची एक पट्टी झाकणात आणि दुसरी कीबोर्डच्या भागात स्क्रूने बसवलेली असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये हे स्क्रू धातूत जात नाहीत. प्लास्टिकचे बुटके खांब असतात, त्यांत पितळी नट गरम करून रुतवलेले असतात, आणि स्क्रू त्या नटांत बसतात. वापराने आतलं वंगण सुकतं, हिंज जड होतो, आणि झाकण उघडताना लागणारा जादा जोर थेट त्या प्लास्टिकच्या खांबांवर जातो. एक दिवस खांब फुटतो, पितळी नट उपटून बाहेर येतो, स्क्रीन डुगडुगायला लागतो. बहुतेक वेळा हिंज सैल झालेला नसतो. उलट तो जड झाल्यामुळेच मोडतोड झालेली असते. दार फुगून घट्ट झालं आणि ओढून ओढून चौकट उखडली, तर चौकटीला डिंक लावून भागत नाही, आधी दार मोकळं करावं लागतं. इथेही क्रम तोच आहे.

म्हणून आधी बघा, मग हात लावा. लॅपटॉप टेबलावर ठेवा, झाकण मधोमध धरून सावकाश उघडा आणि दोन्ही कोपऱ्यांकडे बाजूने नजर ठेवा. स्क्रीनची पुढची चौकट आणि मागचं झाकण यांच्यात फट पडत असेल तर झाकणातले खांब गेलेत. खालचा कोपरा उचलला जात असेल, कीबोर्डचा भाग आणि तळ यांच्यात फट दिसत असेल, तर खालचे खांब गेलेत. फट कुठेच नाही, पण स्क्रीन सोडला की मागे किंवा पुढे पडतो, तर हिंज खरोखर सैल आहे. आणि टचपॅडच्या आसपास फुगवटा असेल, झाकण पूर्ण मिटत नसेल, तर दोष हिंजचा नसून फुगलेल्या बॅटरीचा असू शकतो. अशा वेळी काही पिळू नका, दाबू नका, चार्जिंग बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या.

आता फेविक्विककडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं.

सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विक, प्लास्टिकला चांगलं चिकटतं, हे खरं आहे. सोड्याबरोबर ते क्षणात दगडासारखं होतं, हेही खरं. म्हणूनच हा उपाय दाखवणारे व्हिडिओ खोटे वाटत नाहीत. चिकटवल्यावर झाकण एकदा उघडून दाखवतात आणि व्हिडिओ संपतो. पण हा डिंक कडक आणि ठिसूळ असतो. सरळ ओढीला तो टिकतो, सोलून काढणाऱ्या जोराला आणि धक्क्याला टिकत नाही, आणि हिंजच्या पट्टीवर नेमका तसलाच जोर येतो. हिशोब करा: १५.६ इंची लॅपटॉपचं झाकण साधारण २२ सेंटीमीटर उंच असतं, आणि दांड्यापासून पट्टीच्या शेवटच्या स्क्रूपर्यंतचं अंतर चारेक सेंटीमीटर. वरच्या कडेला एक किलोचा जोर लावला तर खाली पाच किलोंहून जास्त ओढ बसते. एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर त्यातला मोठा वाटा एकाच हिंजवर येतो. जड हिंज तसाच ठेवून वर ठिसूळ डिंक लावला तर जोड पुन्हा सुटतो, आणि या वेळी खांबाच्या बुडाशी उरलेलं चांगलं प्लास्टिकही सोबत घेऊन जातो.

दुसरं म्हणजे हा डिंक पाण्यासारखा पातळ. बारीक फटीत तो आपोआप ओढला जातो. हिंजच्या शेजारूनच स्क्रीनची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या तारा जातात. डिंक तिथे पोहोचला तर केबल कडक होते आणि झाकण उघडता-मिटता तिथेच तुटते. दांड्यात शिरला तर हिंज जाम होतो, आणि पुढच्या वेळी झाकण उघडताना प्लास्टिक फाटतं. पितळी नटाच्या आट्यांत गेला तर तिथे पुन्हा स्क्रू बसत नाही. नंतर ज्याच्याकडे दुरुस्तीला द्याल त्याचेही हात बांधले जातात.

आणि कापूस! हे लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग आला. सायनोअ‍ॅक्रिलेट कापसावर पडलं की झपाट्याने घट्ट होतं आणि त्यातून बरीच उष्णता निघते. बोटाला चटका बसू शकतो, धूर येऊ शकतो, डोळे चुरचुरतात. हे बॅटरीच्या शेजारी, रात्री, परीक्षेच्या घाईत असलेल्या मुलांनी करायचं?

नेलपॉलिश रिमूव्हरचा सल्लाही त्याच माळेतला. अनेक रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं, आणि लॅपटॉपच्या बॉडीत सर्रास वापरलं जाणारं एबीएस प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. डाग जाईल, सोबत पृष्ठभागही जाईल.

डब्ल्यूडी-४० बद्दल एक अर्धसत्य मान्य करतो. हिंज जड असेल तर वंगणाने फायदा होतो. पण मेसेज म्हणतो हिंज सैल झालाय, मग त्यावर घर्षण कमी करणारा स्प्रे कशासाठी? शिवाय मिटलेल्या लॅपटॉपवर फवारा मारला तर तो हिंजपुरता राहत नाही, स्क्रीनच्या थरांत आणि कीबोर्डखाली जातो. पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकांवर हा स्प्रे वापरू नका, असं खुद्द त्याची कंपनीच सांगते, आणि अनेक लॅपटॉपच्या बॉडीत एबीएसबरोबर पॉलिकार्बोनेट मिसळलेलं असतं. वंगण द्यायचंच तर हिंज बाहेर काढून दांड्यावर घट्ट ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावा, हिंज सावकाश काही वेळा फिरवा, बाहेर आलेलं पुसून टाका.

स्क्रू पिळण्याबद्दल. नुसते स्क्रू ढिले झाले असतील तर ते आवळून काम होतं, यात वाद नाही. फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा, शून्य नंबरचा स्क्रूड्रायव्हर घ्या, अडला की थांबा. लांब स्क्रू मात्र कधीही नाही. हे स्क्रू बहुतेक २.५ मिलिमीटर जाडीचे आणि लांबीला तीन ते पाच मिलिमीटर असतात. एक-दोन मिलिमीटर जास्त झाला की झाकणातून बाहेर टोक उमटतं, किंवा तळातून मदरबोर्डपर्यंत जातं. आटे धरून ठेवणारं निळं लॉकिंग द्रव्यही प्लास्टिकजवळ लावू नका, त्याने प्लास्टिकला तडे जातात.

"बॅटरी काढायची गरज नाही" हे कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळत नाही. डेल, एचपी, लेनोवो यांची मॅन्युअल इंटरनेटवर मोफत मिळतात. आपल्या मॉडेलचं उघडा, त्यात प्रत्येक स्क्रूची जागा आणि माप दिलेलं असतं, आणि आत हात घालण्याआधी बॅटरीची जोडणी काढायला सांगितलेलं असतं. बंद लॅपटॉपच्याही मदरबोर्डवर बॅटरीचा पुरवठा चालू असतो. स्क्रीनची केबल तशीच काढली-घातली तर बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याचा, फ्यूज उडू शकतो, आणि हिंजच्या कामातून मदरबोर्डचं काम निघतं.

खांब तुटले असतील तर घरी करण्यासारखा उपाय आहे, पण तो पाच मिनिटांचा नाही. तळ उघडा, निघालेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जागच्या जागी ठेवा. बॅटरीची जोडणी काढा. हिंज सोडवा आणि आधी तो हलका करा: टोकाला नट उघडा दिसत असेल तर दांडा पक्कडीत धरून नट अष्टमांश फेरा ढिला करा, तपासा, लागलं तर आणखी तेवढाच. (खरोखर सैल असलेल्या हिंजला हाच नट तेवढाच आवळायचा. नट नसून टोक ठोकून बंद केलेलं असेल तर नवा हिंज घ्या.) फुटलेल्या प्लास्टिकचे कण काढा, जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. पितळी नट हिंजच्या पट्टीला स्क्रूने लावून सगळं एकत्र जागेवर बसवा, म्हणजे नट वाकडे बसणार नाहीत. स्क्रूंना आधी व्हॅसलिनचा पातळ हात द्या, नाहीतर तेही कायमचे चिकटतील. मग साधं, सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट, दोन्ही ट्यूबमधून सारखं घेऊन नीट घोटून नटांभोवती भरा. केबलच्या वाटेत नको, खांबाच्या मूळ उंचीच्या वर नको. झाकण जोडण्याआधी २४ तास हलवू नका. २०२० पासून भारतात फेविक्विक आणि अ‍ॅराल्डाइट दोन्ही पिडिलाइटकडेच आहेत, आणि तरी ती दोन वेगळी उत्पादनं आहेत, कारण कामं वेगळी आहेत.

दुकानदारांबद्दलची तक्रार पूर्ण खोटी नाही. काही जण बघायच्या आधीच 'एबीएच' सांगतात, म्हणजे मागचं झाकण, पुढची चौकट आणि हिंज असा पूर्ण संच. झाकणाचा कोपराच चिरला असेल तर तो योग्य सल्ला आहे. नुसते नट उपटले असतील तर नाही. नौपाड्यात द्या, वाशीत द्या किंवा लॅमिंग्टन रोडला न्या, उघडून दाखवायला सांगा आणि दोन प्रश्न विचारा: नट पुन्हा बसवता येतील का, आणि हिंज हलका करून देणार का? दुसऱ्याचं उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं तर लॅपटॉप परत घ्या, कारण नवी बॉडीसुद्धा जड हिंजपुढे तशीच फुटेल. काही कारागीर झाकणाला आरपार भोक पाडून चपट्या डोक्याचा स्क्रू आणि नट लावतात. दिसायला वाईट, पण डिंकापेक्षा कितीतरी पक्कं.

वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीच न करता, फट पडलेली स्पष्ट दिसेल असे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला जा. आत फेविक्विकचा थेंब सापडला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.