ग्रुप ॲडमिनला खरंच अटक होते का?

सोयाबीनचा भाव पडला, पीकविमा अडकला की आपल्या भागातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ग्रुपवर सरकारविरुद्ध पोस्ट पडली तर आयटी कायद्याच्या कलम 66अ खाली ॲडमिनला अटक होईल, जिल्ह्यात जमावबंदी असल्यानं मोर्चा काढणारा गुन्हेगार, आणि ‘शेतकऱ्यानं शेती करावी, आंदोलन म्हणजे गुंडगिरी’. खाली तिरंगा, जोडलेले हात. सही कुणाचीच नाही. तो वाचून ‘कायले भानगडीत पडता भाऊ’ म्हणत लोक ग्रुपला कुलूप लावतात.

कलम 66अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2015 मध्येच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. लिहिणाऱ्यानं बाकीचं किती तपासलं असेल, ते यावरूनच ओळखा.

ॲडमिनबद्दलचा निकाल तर आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्याच प्रकरणातला आहे. एका सदस्यानं ग्रुपवर एका महिलेबद्दल घाणेरडं लिहिलं. ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये तो रद्द केला. ॲडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो. पण कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, अडवताही येत नाही. दोघांचं आधीच संगनमत होतं हे दाखवलं, तरच तो अडकतो. आणि ते प्रकरण गलिच्छ भाषेचं होतं. ‘विमा का आला नाही?’ असं विचारणाराच जिथं गुन्हेगार ठरत नाही, तिथं ॲडमिन कसा ठरेल? जातीधर्मांत भांडण लावणारी किंवा नाव घेऊन खोटा आळ घालणारी पोस्ट मात्र वेगळी. ती टाकणारा अडकू शकतो आणि अडकावाच. ॲडमिननं ती खोडून टाकावी, गावात राहायचं आहे म्हणून.

जमावबंदीचं अर्धं खरं आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(3) खालचा जमावबंदीचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. कित्येक जिल्ह्यांत एकाची मुदत संपली की दुसरा निघतो. ही सवय मला मुळीच पटत नाही. तरी त्या काळातही ठाणेदाराकडे अर्ज करून परवानगी मागता येते. अर्जाची पोच तेवढी घ्या.

राहिली गुंडगिरी. वर्ध्याजवळच्या पवनारला 17 ऑक्टोबर 1940 रोजी विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही, आणि मागणी होती बोलू देण्याची. हजारोंची गर्दी जमवणं गांधीजींना अवघड नव्हतं, पण महायुद्ध सुरू असताना त्यांनी ती मुद्दाम टाळली आणि एकेक माणूस निवडला. विनोबा गावोगाव बोलत फिरले आणि चार दिवसांनी पकडले गेले. दगड एकही उचलला गेला नाही. ही परंपरा बाहेरून आलेली नाही, धाम नदीच्या काठची आहे.

एसटी जाळणारे असतात, हे मी नाकारत नाही. सार्वजनिक मालमत्तेला आग लावली तर 1984 च्या कायद्यानं दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही; त्याच एसटीनं आपल्या पोरी शाळेत जातात. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्जमाफीसाठी नागपूरजवळ महामार्ग अडला, तेव्हा नागपूर खंडपीठानं रस्ता मोकळा करायला सांगितलं. रुग्णवाहिका अडत असेल तर दुसरं काय सांगणार? पण त्या आंदोलनानंतरच मुंबईत बैठक झाली आणि 30 जून 2026 पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असं सरकारला जाहीर करावं लागलं. ‘शेती करा’ म्हणणाऱ्यांनी पुढच्या फॉरवर्डमध्ये ही तारीखही घालावी.