भिंतीवर चित्र दिसताच करावयाच्या गोष्टी

नवी मुंबईतल्या आमच्या नेरूळच्या सोसायटीसमोरून, हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या भाषेत, होल्डिंग पाँडकडे (भरतीचं-पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याकडे) जाणारी वाहिनी जाते. आम्ही तिला नाला म्हणतो. त्या नाल्याच्या कडेला साठेक फूट लांबीची भिंत आहे. इतकी वर्षं तिने शहराची निमूट सेवा केली. तिच्यावर ‘येथे लघवी करणाऱ्यास’ एवढंच उरलेलं एक वाक्य होतं. पुढचे शब्द त्याच कारणाने वाहून गेले होते.

गेल्या महिन्यात या भिंतीवर फ्लेमिंगो उतरले. माझी भाची कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या चार मैत्रिणींनी तीन शनिवार-रविवार खपून खाडी रंगवली: खारफुटी, ओहोटीच्या चिखलात रुतलेली होडी, टोपली घेऊन निघालेली कोळीण आणि एकोणीस फ्लेमिंगो. असा प्रसंग उद्या तुमच्या गल्लीतही येऊ शकतो. आपली धांदल उडू नये म्हणून काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

काम चालू असताना मदतीला जरूर जा. मदत म्हणजे हात मागे बांधून उभं राहायचं आणि विचारायचं, ‘कोणत्या पार्टीकडून?’ कुठल्याच नाही म्हटल्यावर ‘मग पैसे किती सुटतात?’ तेही नाही म्हटल्यावर ‘आमच्या नातवाचा हातही चांगला आहे हो’ असं म्हणून नातवाचे फोटो दाखवायचे. मुलींनी आधी तारेच्या ब्रशने पोपडे खरवडले, मग प्रायमर मारला, तो वाळायला एक अख्खा दिवस थांबल्या. त्या दिवशी ‘सुरुवात कधी करणार?’ हे अकरा जणांनी विचारलं. पाणी हवंय का, हे वॉचमनने विचारलं.

वास्तुशास्त्र विसरू नका. सी विंगमधल्या काकांच्या वेळीच लक्षात आलं की पक्षी सोसायटीकडे पाठ करून उडताहेत, म्हणजे लक्ष्मी बाहेर चालली. भाचीने मुकाट्याने तीन पक्षी फिरवले. तर ए विंगचं म्हणणं, आता ते थेट आमच्या गेटवर चाल करून येताहेत. अखेर तडजोड म्हणून तिन्ही पक्षी खाली मान घालून चिखलात खाताना दाखवले. लक्ष्मी तूर्त नाल्यात आहे.

रंगाची चौकशी करा. भगवा, हिरवा, निळा कधीच वाटून झालेत, हल्ली गुलाबीही गेला. त्यामुळे ‘हा गुलाबी नेमका कोणाचा?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपवर रात्री साडेबाराला गंभीरपणे विचारला गेला. फ्लेमिंगोचा गुलाबी त्याच्या पोटात जाणाऱ्या शैवालातून येतो, कोणाच्या प्रचार कार्यालयातून नाही, असं मी लिहिलं. त्यावर मला ‘विषयांतर नको’ अशी समज मिळाली.

पान खात असाल तर फ्लेमिंगोवरच थुंका. रंगसंगती बिघडत नाही.

चित्रापेक्षा वेगळं काहीतरी हवं होतं, हे मत तयार ठेवा. सर्वांत सुरक्षित मागणी म्हणजे ‘त्यापेक्षा वारली काढायची होती’. वारली कोणालाही येते, असा आपला ठाम समज आहे: दोन त्रिकोण, चार काड्या, वर एक गोळा. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्याच डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही आणि त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. ही कला बाहेरच्या जगापर्यंत नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण हे माहीत असण्याची काय गरज? आपण तारपा वाजवणारा माणूस सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर काढतो, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरतो आणि शेजारी ‘ओला कचरा सुका कचरा’ लिहितो. तो बिचारा तारपा फुंकत ओल्या कचऱ्याकडे बघत असतो. स्वच्छ सर्वेक्षणाची, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छता क्रमवारीची, टीम येऊन गेली की पुढच्या वर्षीपर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. (आपलं शहर २०२० ला देशात तिसरं आलं, २०२२ ला तिसरं आलं, २०२३ लाही तिसरंच. मला अभिमान आहे. खरंच आहे, म्हणून तर एवढा राग येतो.)

गाडी चित्राला चिकटूनच लावा.

आता मुख्य सूचना. चित्र पूर्ण वाळलं, लोक थांबून सेल्फी काढू लागले, शाळेच्या बसमधली मुलं बोटं दाखवू लागली, की समजायचं जागा तयार झाली. कशासाठी? वाढदिवसासाठी. साध्या भिंतीवर बॅनर लावला तर कोण बघणार? लोकांच्या नजरा जिथे आधीच वळल्यात तिथे आपलं तोंड नेऊन ठेवायचं, यालाच जनसंपर्क म्हणतात. आमच्या भिंतीवर आला तो बॅनर वीस बाय आठचा. मधोमध वाढदिवसमूर्ती, काळा चष्मा, सोन्याची साखळी, फोनवर बोलतानाचा फोटो. वाढदिवसाच्या दिवशीही माणूस फोनवर कोणाशी बोलत असतो हे मला आजवर कळलेलं नाही. खाली शुभेच्छुकांची सतरा पासपोर्ट साइज डोकी. वर ‘भावी’. भावी काय, ते लिहायची गरज उरलेली नाही. २०२० च्या मे महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात या शहरात डासांच्या खालोखाल कोणाची पैदास झाली असेल तर भावींची. बॅनरला बांबूची चौकटही नव्हती. सरळ भिंतीत ड्रिल मारून चौदा खिळे ठोकले. त्यातला एक कोळिणीच्या हातावर, दोन होडीत आणि एक बरोबर सगळ्यात मोठ्या फ्लेमिंगोच्या डोळ्यात. मी शपथेवर सांगतो, हे चुकून होत नाही. साठ फूट भिंत आहे. डोळा चार आण्याच्या नाण्याएवढा. भाचीने तो सर्वांत शेवटी काढला होता, शिडीवर श्वास रोखून.

मी संबंधित कार्यालयात फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘चित्राला परवानगी होती का?’ होती. पत्र आहे, त्यावर जावक क्रमांक आहे, शिक्का आहे. ‘आणि बॅनरला?’ असं मी विचारलं तर म्हणाले, ‘बॅनरची तक्रार तुम्ही केली आहे का?’ आत्ता तेच तर करतोय! मग अॅपवर करा. अॅपवर केली. राज्यात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं मी तक्रारीत व्यवस्थित टंकलं. तिसऱ्या दिवशी संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत पुराव्याचा फोटो, एक स्वच्छ भिंत. सुंदर भिंत. आमची नव्हती.

तर मंडळी, शेवटची सूचना अशी की...

नाही, आता सूचना नाही. मला आता उपरोध जमत नाहीये. खिळे ठोकणाऱ्या पोरांवर माझा तेवढा राग नाही. त्यांना पाचशे रुपये आणि वडापाव मिळाला असेल. राग तुमच्यावर आहे. ए, बी आणि सी विंग. चौऱ्याऐंशी घरं. रात्री अकरा वाजता ड्रिलचा आवाज चालला होता, वीस मिनिटं. दिवाळीत फराळाच्या मिक्सरच्या आवाजावर तक्रार करणारे तुम्ही, त्या रात्री एकही खिडकी उघडली नाहीत. माझीही उघडली नाही, मीही सकाळी बघू म्हणून झोपलो, त्याची लाज वाटते. पण सकाळी तुम्ही काय केलंत? बॅनरचा फोटो ग्रुपवर टाकलात आणि खाली ओळीने केक आणि हात जोडलेल्या आकृत्या. ज्या काकांना पक्ष्यांची दिशा चालत नव्हती, त्यांना पक्ष्याच्या डोळ्यातला खिळा चालला. लक्ष्मी आता कुठून बाहेर जात नाही का हो काका? गुलाबी कोणाचा म्हणणारे, हा बॅनर कोणाचा ते एकाने तरी विचारलंत? पाच मुली सहा दिवस उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या चुका काढायला तुम्हाला वेळ होता, त्यांच्यासाठी एक फोन करायला नव्हता.

वर ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणून मिरवायचं. चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, तेव्हा तुम्हीच स्टेटस ठेवले होते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तलावाजवळ खरे फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हाही ठेवले. रडक्या चेहऱ्याचे. त्यांच्यासाठी तलावावर उभी राहायला गेलेली माणसं मी मोजली होती. आपल्या सोसायटीतून दोन. त्यातली एक माझी भाची.

बॅनर काल वाऱ्याने अर्धा फाटला आणि नाल्यात लोंबतोय. वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले. रविवारी सकाळी सातला आम्ही तो काढणार आहोत, खिळे उपटून भोकांत लांबी (पुट्टी) भरणार आहोत आणि ती वाळली की भाची डोळा पुन्हा काढणार आहे. शिडी वॉचमन देतोय. दोन बादल्या, घासायचे ब्रश आणि जुनी फडकी लागतील. ज्यांना आणता येतील त्यांनी ती घेऊन यावं. बाकीच्यांनी झोपावं.